सर्व उभी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. गुरांची डॉक्टर असून मी गुरांना भिते, आणि ही गोष्ट मी चार वर्षं इतक्या शिताफीने लपवली की वरच्या कचेरीने मला त्याबद्दल प्रमाणपत्र दिलं. कसं, तेही सांगते.

माझी नेमणूक सीमेवरच्या तपासणी नाक्यावर आहे. इथून रोज जनावरांच्या गाड्या पलीकडे जातात. कुठल्या डेअरीला, कुठल्या बाजाराला, कुठल्या कत्तलखान्याला. वीस-वीस, तीस-तीस तासांचा प्रवास. कायदा जनावरांच्या बाजूने आहे. एकेका जनावराला किती जागा हवी, किती तासांनी पाणी पाजायचं, किती तासांनी खाली उतरवून आराम द्यायचा, सगळं कलमवार लिहिलेलं आहे. ते पाळलं गेलं की नाही हे बघून शिक्का मारणारी माणूस मी. माझ्यानंतर पुढे त्यांना विचारणारं कुणी नाही. नोकरी नवी होती तेव्हा हे वाक्य मी फार ऐटीत बोलायचे.

चार वर्षांपूर्वी मी एका गाडीत शिरले होते. तपासणीची खरी रीत तीच आहे. आत शिरायचं, प्रत्येक जनावराच्या अंगाला हात लावायचा, डोळे बघायचे, छाती ऐकायची. त्या गाडीत बैल होते. ड्रायव्हरने ब्रेक सैल सोडला, गाडी जागच्या जागी हातभर हलली, आणि दोन बैल माझ्यावर रेलले. मारायला आले नव्हते, त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. मी बाजूच्या फळ्यांना चिकटले. छातीतला श्वास बाहेर गेला आणि परत आत येईना. ओरडावं म्हटलं तर ओरडायला हवाच नव्हती. बाहेर माणसं चहा पीत होती, त्यांच्या कपबश्यांचे आवाज मला येत होते.

मामांनी मला बाहेर काढलं. मामा म्हणजे आमच्या आवाराचे राखणदार, कुणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचे मामा आहेत. तीन बरगड्या मोडल्या होत्या. दीड महिना मी पलंगावर होते, सासूबाई दोन्ही वेळा शेक द्यायच्या आणि शेकता शेकता बैलांना शिव्या द्यायच्या. नवऱ्याने माझ्याकडून शब्द घेतला की पुन्हा कुठल्याही गाडीत शिरायचं नाही. तो शाळेत गणित शिकवतो, सगळं पक्कं करून घ्यायची त्याला सवय आहे. शब्द द्यायला मला मुळीच जड गेलं नाही. खरं सांगायचं तर कुणीतरी तो मागावा म्हणून मी वाटच बघत होते.

कामावर परतले तेव्हा मामांनी कोठारातून एक शिडी आणून दिली. ती गाडीला टेकवायची, चार पायऱ्या चढायच्या आणि वरून बघायचं. वरून पाठी दिसतात, कान दिसतात, शिंगं दिसतात. पाय दिसत नाहीत, पोट दिसत नाही, श्वास कसा चाललाय ते कळत नाही. एक गोष्ट मात्र वरून अगदी स्वच्छ दिसते. जनावर उभं आहे की बसलेलं.

म्हणून मी तेच माप धरलं. जे मला न घाबरता दिसू शकत होतं तेच महत्त्वाचं आहे असं मी ठरवून टाकलं, आणि त्याला शास्त्राचा आधारही दिला. भरलेल्या गाडीत बसलेलं जनावर इतरांच्या पायाखाली तुडवलं जातं, ते बसलं म्हणजे अशक्त आहे, सबब प्रवासाला अयोग्य. यात खोटं काहीच नाही, पुस्तकातसुद्धा आहे. नाक्याच्या फाटकावर मी लाल रंगात बोर्ड रंगवून घेतला. "गाडीत बसलेले जनावर आढळल्यास गाडी अडवण्यात येईल." फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात मी जनावरांचा आकडा लिहायचे आणि पुढे दोन शब्द. सर्व उभी.

पहिल्या तीन महिन्यांत मी नऊ गाड्या अडवल्या. पुढच्या वर्षभरात तीन. त्यानंतर एकही नाही. बसलेलं जनावर आमच्या नाक्यावरून जणू नाहीसंच झालं. वरच्या कचेरीने आकडे बघितले आणि समारंभ करून मला प्रमाणपत्र दिलं. नवऱ्याने ते चौकटीत घालून बोळात चपलांच्या मांडणीवर लावलं, कारण दुसरीकडे खिळा नव्हता. ड्रायव्हर लोक माझ्यामागे मला शिडीवाली मॅडम म्हणतात. हे मामांनी मला अगदी खाजगीत सांगितलं, तीन माणसांसमोर.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. ऊन असं होतं की माझ्या पत्र्याच्या खोलीत पंखा फक्त गरम हवा इकडची तिकडे करत होता. शिक्क्याची शाई दौतीतच घट्ट झाली होती. दारात सात गाड्या ओळीने उभ्या होत्या. पहिली कालवडींची होती, दोन-अडीच वर्षांच्या, पलीकडच्या कुठल्याशा डेअरीला निघालेल्या. ड्रायव्हर ओळखीचा, चष्मेवाला, गोडबोल्या. लेकीचा अभ्यास कसा चाललाय हे विचारल्याशिवाय कागद पुढे करायचा नाही. बरोबर त्याचा मेव्हणा असायचा, आलटून पालटून गाडी चालवायला. तो कधी खाली उतरायचा नाही की बोलायचा नाही. मी त्याचा आवाज तोवर ऐकला नव्हता.

मी शिडी चढले. छत्तीस पाठी मोजल्या. सगळ्या उभ्या, सगळ्यांची तोंडं वर, दोन्ही बाजूंच्या आडव्या दांड्यांना दोर बांधलेले. शिस्तीत भरलेली गाडी, असं मनात आलंसुद्धा. शिडीवरच फॉर्म वरच्या फळीवर टेकवला, छत्तीस, सर्व उभी, असं लिहिलं आणि शिक्का मारून ड्रायव्हरच्या हातात दिला. आमच्याकडे कामं अशी हातासरशी होतात.

खाली उतरताना मी एका फटीसमोर आले. दोन फळ्यांच्या मधून एका कालवडीचा डोळा दिसत होता. मोठा, काळा, उघडा डोळा. त्यावर माशी बसली होती. मी एक पायरी उतरले, दुसरी उतरले. माशी बुबुळावरून पापणीपर्यंत चालत गेली आणि परत फिरली. डोळा मिटला नाही.

मी शिडीवरून उरलेल्या पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. सरळ खोलीत गेले, खुर्चीत बसले आणि घटाघटा पाणी प्यायले. बाहेर ड्रायव्हर मामांशी काहीतरी हसत बोलत होता. मी स्वतःला समजावायला लागले. माशीचं काय घेऊन बसलीस, गुरांच्या डोळ्यांवर माशा बसतातच. थकली असेल, झापड आली असेल. उघड्या डोळ्याने झापड येत नाही हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. कागद झालाय, शिक्का झालाय, आता दोन मिनिटांत गाडी पलीकडे जाईल आणि तो डोळा पलीकडच्यांचा होईल. असं सगळं मी मनाशी बोलले, माझी मला लाज वाटेपर्यंत बोलले.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की छत्तीस कालवडींच्या गाडीतून मला सकाळपासून एकही हंबरडा ऐकू आला नव्हता. खुरांचा आवाज नाही, अंग घासल्याचा आवाज नाही. इंजिन सुरू झालं की जनावरं दचकतात, हलतात, फळ्या वाजतात. एकही फळी वाजली नाही. मी धावत बाहेर गेले आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, हात वर करून, रस्त्यावरच्या पोलिसासारखी.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि हसतमुखाने खाली आला. मी त्याला म्हटलं की मधलं एक जनावर मेलेलं आहे. तो म्हणाला, असं कसं होईल, सगळी उभी आहेत, तुम्हीच तर लिहून दिलंत. मी विचारलं, गाडी भरल्यापासून किती वेळा उतरवली. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. बावीस तास झाले होते आणि एकदाही उतरवली नव्हती. मी विचारलं की दोर इतके आखूड का बांधलेत, बसणं तर सोडाच, मान खाली घालता येत नाही त्यांना.

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. तो चिडला नाही, थापा मारल्या नाहीत. हुशार विद्यार्थी बाईंना उत्तर सांगतो तसं त्याने मला सांगितलं.

"मॅडम, बसलेलं दिसलं की तुम्ही गाडी अडवता. म्हणून आम्ही बसूच देत नाही. पूर्वी सैल बांधायचो, बोर्ड लागल्यापासून आखूड बांधतो. या लाइनवर सगळेच तसं बांधतात. तीन वर्षांत माझं एक जनावर बसलेलं सापडलंय का तुम्हाला?"

डोकं सतत वर बांधून ठेवलं की जनावराला खोकून घाण बाहेर टाकता येत नाही. ती छातीत उतरते, फुप्फुसात साठते. हेही पुस्तकात आहे. ते पान मी वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं. तीन वर्षं रोज या दांड्यांवर मी डोळ्यांनी ते आखूड दोर बघितले होते आणि त्याला शिस्त म्हटलं होतं.

तेवढ्यात केबिनमधून मेव्हण्याचा आवाज आला. तो समोर बघतच बोलला, आमच्याकडे मान न वळवता.

"मधल्या रांगेतली एक पहाटेच गळली होती. पडली नाही. पडायला जागा कुठे होती."

ड्रायव्हरने त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता इथेच मारामारी होते. मेव्हण्याने काच वर केली.

मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे नाक्याचे प्रमुख, ते शहरातल्या कचेरीत बसतात आणि नाक्यावर महिन्यातून एकदा उभ्या उभ्या येऊन जातात. गाडी रिकामी करायला त्यांची परवानगी लागत नाही, कायद्याने तो अधिकार माझा आहे, पण भित्र्या माणसाला अधिकार वापरण्याआधी फोन करावासा वाटतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. छत्तीस जनावरं आवारात सोडलीत आणि एखादं कुंपण ओलांडून हमरस्त्यावर गेलं, अपघात झाला, तर जबाबदारी कुणाची, असं विचारलं. आवारात तर मागच्या वर्षापासून मोडकी टेबलं आणि कपाटं ठेवलेली आहेत, असंही म्हणाले. मग आवाज खाली आणला.

"डॉक्टर, शिक्का मारून झालाय ना? मग ते शिक्क्यानंतर मेलं असं समजा. पलीकडे गेल्यावर मेलं."

मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. वाट मोकळी होती. वरून सांगितलं होतं, मी फक्त ऐकायचं होतं. ड्रायव्हर माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, त्यालाही ते कळलं असावं, कारण तो पुन्हा हसायला लागला. पण उरलेल्या पस्तीस जणींचं काय? पुढे अजून आठ तासांचा रस्ता होता. त्यांतल्या किती जणी पोचेपर्यंत उभ्या उभ्या जातील, आणि त्या गेल्या हे कळणार तरी कुणाला, कारण माझ्यानंतर त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. मला त्या पस्तीस जणींची जितकी भीती वाटत होती तितकीच त्यांच्यासाठी वाटायला लागली. दोन्ही भीतींनी मिळून माझी पाचावर धारण बसली होती.

मी मामांना म्हटलं, आवार मोकळं करा, टेबलं बाजूला ढकला, हौद भरा. आणि गाडी जनावरं उतरवायच्या धक्क्याला लावायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला की मी गाडीच्या मागच्या फाळक्याला हात लावणार नाही, उद्या माझ्यावरच केस होईल. मामांची कंबर धरलेली, त्यांना वाकता येत नाही. म्हणजे आत जाणारी मीच होते.

मामांनी त्यांचा गवत कापायचा विळा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "बाई, घरी सांगितलंय का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान डोलावली आणि फाळका खाली पाडला.

आतून वाफ अंगावर आली. मूत, शेण आणि त्याखाली एक गोडसर वास, तो मला ओळखीचा होता आणि ओळखावासा वाटत नव्हता. शेवटच्या रांगेतल्या कालवडी माझ्याकडे बघू शकत नव्हत्या, दोरांनी त्यांची तोंडं दांड्याला लावलेली होती. फक्त कान मागे वळले. मी पहिलीच्या आणि फळीच्या मधल्या वीतभर जागेत अंग सारलं. माझी छाती तिच्या बरगड्यांना लागली आणि माझ्या जुन्या बरगड्यांनी आठवण करून दिली. बाहेर कुणीतरी कपबशी ठेवल्याचा आवाज झाला आणि मला वाटलं की मी आता इथेच रडते.

गाठ सुटणार नव्हती. लाळेने भिजून आणि ओढ बसून ती दगड झाली होती. मी विळ्याने दोर कापला. कालवडीचं डोकं एकदम खाली आलं, पार जमिनीपर्यंत, आणि ती खोकायला लागली. इतकं खोकली की मला वाटलं आतडी बाहेर येतात. नाकातून घट्ट पिवळं पडलं. मग ती वळली आणि मामांच्या आवाजामागे धक्क्यावर उतरली. मी दुसरा दोर कापला. तिसरा. कुणी लाथ मारली नाही. लाथ मारायला लागते ती ताकद त्यांच्यात नव्हती. मी ज्यांना चार वर्षं भीत होते त्या अशा होत्या.

आठ-दहा उतरल्या असतील. मी मधल्या रांगेपर्यंत पोचले आणि तिच्या मानेवर हात ठेवला. त्या उकाड्यातही हाताला कळलं. अंग ताठ होतं. दोन्ही बाजूंच्या दोघींनी तिला आपल्यात धरून ठेवलं होतं, त्यांना काही इलाज नव्हता. मी तिचा दोर कापला. ती पडली नाही. डोकं तसंच वर राहिलं, दोर नसतानाही.

तेव्हा माझं चुकलं. आधी पलीकडच्या बाजूच्यांना सोडायला हवं होतं आणि मी अलीकडची सोडली. ती बिचारी बाहेर निघाली, मधे जागा झाली, आणि मेलेली कालवड सगळ्या वजनासकट माझ्यावर आली. मी फळ्यांना चिकटले, हातातला विळा खाली पडला. तोच आवाज, तोच श्वास बाहेर जाणं, तेच परत न येणं. माझ्या तोंडासमोर तिचा उघडा डोळा होता. मी हात झाडले, ते हलले नाहीत. ओरडायला हवा नव्हती. मला माझ्या लेकीची आठवण नाही आली, नवऱ्याची नाही, देवाची नाही. मला फक्त हवा पाहिजे होती.

पुढच्या बाजूने कुणीतरी आत उडी घेतली. मेव्हणा केबिनच्या टपावरून चढून दांड्यांवरून आत आला होता. त्याने मेलेलीच्या मानेत हात घातले आणि तिला बाजूला ओढली. माझ्या छातीत हवा आली ती दुखत दुखत आली. त्याने खाली पडलेला विळा उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पुढचे दोर कापायला लागला. मला वाटतं तो पहाटेपासून हेच करायचं म्हणत होता आणि त्याचीही हिंमत होत नव्हती.

पंचवीस मिनिटांत गाडी रिकामी झाली. आवारात पस्तीस कालवडी होत्या. पाण्याकडे फक्त सहा-सात गेल्या. बाकीच्या जिथे पाय लागले तिथेच बसल्या, काही तर बसल्यासुद्धा नाहीत, कोसळल्या. हनुवट्या जमिनीला टेकवून, डोळे मिटून त्या खोकत होत्या. मी एकेकीची छाती ऐकत फिरले. अकरा जणींच्या फुप्फुसांत पाणी होतं. दोघी संध्याकाळपर्यंत टिकतील असं मला वाटलं नाही. मी खोलीत जाऊन तो फॉर्म मागवून घेतला, माझ्या हातचे दोन शब्द खोडले आणि त्यावर "गाडी अडवली" असं लिहून सही केली. सही वेडीवाकडी आली. ड्रायव्हर आता हसत नव्हता. त्याने मला शिव्या दिल्या नाहीत, नुसतं विचारलं की मॅडम, मी तुमच्या नियमाप्रमाणेच केलं, मग माझंच काय चुकलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मलाच लागू होतं.

मला दम लागला होता. मी आवाराच्या फाटकाला टेकून उभी राहिले, आणि तेव्हा माझं लक्ष रस्त्याकडे गेलं. मागच्या सहा गाड्यांचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमधून उतरून हे सगळं बघत होते. गाडीच्या आत काय झालं ते त्यांना दिसलं नव्हतं, मेलेलीही दिसली नव्हती, ती अजून गाडीतच होती. त्यांना दिसलं ते एवढंच की मॅडमनी गाडी अडवली आहे, आणि आवारभर जनावरं बसलेली आहेत.

ते पांगले. मला वाटलं, कंटाळून गेले. पण ते आपापल्या गाड्यांवर चढत होते. दुसऱ्या गाडीवर दोघे, तिसऱ्या गाडीवर एक, पाचवीवर तिघे. भराभर, घाईने. त्यांच्या हातात काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग दांड्यांवर दोर करकरले. गाड्यांमधून धापा ऐकू आल्या, आणि कुणीतरी "उठ, उठ" म्हणून शेपटी पिरगाळत होतं.

मी ओरडले. सोडा, दोर सोडा, म्हणून ओरडले. छातीत कळ आली आणि आवाज अर्ध्यातच फुटला. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने मला हात केला. भला माणूस होता, माझी समजूत काढायच्या सुरात बोलला.

"मॅडम, पाच मिनिटं द्या फक्त. आमच्यात एकही बसलेलं सापडणार नाही तुम्हाला."

आणि त्याने दोर आणखी एक वेढा ओढून घेतला. मी धावत गेले तेव्हा त्याच्या गाडीतला आवाज हळूहळू बंद होत होता. मी फाळक्याची कडी धरली. ती मला काही केल्या उघडेना.